शेळीला फसवायची रीत

नव्वदच्या दशकात मी पुण्याला प्राणिशास्त्र शिकत होते आणि सुट्टीत गावी सोनईला आले की वडिलांना न मागता ज्ञान देत होते. त्यांना शुगर होती. आई रोज इन्सुलिनची सुई टोचायची आणि ते रोज नव्याने चिडायचे.

एका हिवाळ्यात मी त्यांना सांगितलं, की इन्सुलिन बनवणाऱ्या दुसऱ्याच्या पेशी अंगात बसवता येतात, पण शरीर त्यांना परकं समजून मारून टाकतं. म्हणून शास्त्रज्ञ त्या पेशींची जनुकंच बदलून बघतायत, म्हणजे त्या परक्या वाटणारच नाहीत. अजून सगळं उंदरांवरच चाललंय.

आई समोर गोठ्यात होती. आमच्या शेळीचं करडू मेलं होतं, आणि शेजारचं पोरकं करडू ती जवळ येऊ देत नव्हती. आईने तिचंच दूध काढून त्या करडाच्या अंगाला चोळलं. शेळीने हुंगलं, वास ओळखीचा लागला, आणि ती मुकाट्याने पाजू लागली.

"ह्ये आसंच ना?" वडील म्हणाले.

मी म्हटलं, अगदी असंच. त्यांचा चेहरा एकदम खुलला.

दुसऱ्या दिवशी ते गुऱ्हाळावर जाऊन ताजा, गरम गूळ खाऊन आले. जन्मात कधी कडुनिंबाला तोंड न लावणारा हा माणूस वास लपवायला वाटेत त्याचा पाला चावून आला होता. आईने सुई हातात धरून त्यांच्या तोंडाशी वाकून हुंगलं, हुबेहूब शेळीसारखं.

"दंड पुढं करा," ती म्हणाली. "फसाया ती शेळी हाय. मी न्हाई."