फांदीकाकांचं जास्वंदीचं कुंपण

आमच्या वसाहतीच्या माळ्याला सगळे फांदीकाका म्हणायचे. कुंपणापाशी थांबून कुणी नुसतं "काय सुरेख फुललीय हो जास्वंद" म्हटलं, की खिशातून कात्री निघायची आणि कौतुक करणारा हातात फांदी घेऊन घरी जायचा. काकू म्हणायच्या, "बरं झालं, मुलीचं लग्न वेळेवर झालं. नाहीतर कुणी कौतुक केल्यावर तिलाही देऊन मोकळे झाले असते." असं करता करता घरोघरच्या गॅलरीत काकांची जास्वंद पोचली.

एका उन्हाळ्यात कुंपणावर पांढरी माशी आली. कणीहून बारीक जीव, पण पानाच्या मागे बसून रस पितो आणि खाली चिकट थेंब सोडतो. पानं चिकट झाली, काळी पडली, तोवर कुणाचीच तक्रार नव्हती. शेजारी उभ्या गाड्यांच्या काचा चिकट झाल्या, तशी सभा भरली.

"महिनाअखेर माशी गेली नाही, तर कुंपण जाईल," सेक्रेटरी म्हणाले.

काकांनी ते कुंपण काडी काडी लावून वाढवलं होतं. ते कामाला लागले. कुंपणाखाली उताणे पडून एकेका पानाची पाठ साबणाच्या पाण्याने धुऊ लागले. काकू डबा घेऊन आल्या नि म्हणाल्या, "माझी पाठ दुखते तेव्हा बरे तुमचे हात दुखतात."

फार किडलेल्या फांद्या त्यांनी कापल्या. त्या जाळायच्या असतात हे त्यांना ठाऊक होतं. पण काहींवर कळ्या होत्या. कळीसकट फांदी जाळायला काकांचा हात धजेना. त्या त्यांनी नळाखाली धरल्या, झटकल्या आणि वाटून टाकल्या.

कुंपण स्वच्छ झालं. आठ दिवसांत पुन्हा पांढरं. पुन्हा धुतलं, पुन्हा तेच. मग एका दुपारी पहिल्या मजल्यावर कुणी चादर झटकली, ती कुंडीला लागली आणि झाडातून पीठ उडावं तसा ढग उठला. अलगद खाली येऊन कुंपणावर बसला. काकांनी पाइप खाली ठेवला. एकेक गॅलरी बघत गेले. सगळीकडे त्यांचंच झाड होतं.

दुसऱ्या दिवशी बादली घेऊन ते दारोदार फिरले. झाड धुऊ द्या, किडलेलं कापू द्या, एवढंच मागणं.

"आत्ताच फरशी पुसलीय, काका."

"दिलेली वस्तू कापायला आलात? शोभतं का या वयात?"

"आमच्या झाडावर माशी? बघा, समोरून किती हिरवं आहे."

"मागून बघा ना, ताई."

"मागून कोण बघतं?"

सेक्रेटरींनी दार अर्धंच उघडलं. त्यांच्या मागे गॅलरीत सगळ्यांत मोठी जास्वंद काळवंडून उभी होती. "काका, कुंपण तुमचं काम. घर आमचं. उगाच दोन्हीची सरमिसळ करू नका."

"साहेब, माशी करतेय."

दार लागलं.

महिनाअखेरीला मजूर आले. मुळं ओरबाडू नका, म्हणत काकांनी त्यांच्या हातातली पहार घेतली आणि कुंपण स्वतः खणून काढलं. त्या जागी फरशी बसली. "हातातलं काम असं कुणी काढून घेऊ देतं का?" काकू चिडून म्हणाल्या, "भांडायचं तरी." काका म्हणाले, "कुणाशी भांडू? फांद्या मीच दिल्या."

माळ्याला आता कामच उरलं नव्हतं. पण सभेला माणुसकी होती. तिने काकांना गाड्या पुसायला ठेवलं.

गाड्यांना पुसणं लागतंच. गॅलऱ्यांखाली उभ्या असतात आणि सकाळी हात लावला तर बोट चिकटतं. परवा सेक्रेटरी ऑफिसला निघाले होते. काचेवरून बोट फिरवून म्हणाले, "कुंपण काढलं, तरी हे येतंच आहे. कुठून येतं हो?"

"वरून," काका म्हणाले आणि फडकं पिळलं.

सेक्रेटरींनी आभाळाकडे पाहिलं. "हवाच खराब झालीय," म्हणाले आणि गाडीत बसले.