चैत्रातले गोंबे

अक्का गेल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्याशी भांडून गेल्या होत्या. भांडण शेवग्यावरून. जयनगरला बांधलेल्या आमच्या नव्या घराच्या दारात शेवग्याची फांदी लावायची मी ठरवलं होतं, आणि दारात शेवगा लावणारी बाई अर्धवट डोक्याची असते असं अक्कांचं ठाम मत. तेवढं सांगायला त्या चामराजपेटेहून बसनं आल्या. माझ्या हातची कॉफी प्यायल्या, डिकॉक्शन पाणचट झालंय म्हणाल्या आणि जाताना ती फांदी मागच्या अंगणात स्वतःच्या हातानं रोवून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांकडे फोन आला. रात्री झोपेतच... हृदय थांबलं म्हणे. फोन खाली ठेवला आणि मी मागच्या दारी जाऊन उभी राहिले. फांदी चांगली खोल रोवलेली होती. मला रडू आलं आणि रागही आला, कारण उत्तर द्यायचं माझ्याकडे शिल्लक होतं.

अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. आमच्या सासरची माणसं कधीकाळी फौजेबरोबर दक्षिणेत उतरली आणि इथलीच झाली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी आणि नात्यांची सरमिसळ. म्हणून जाऊबाई अक्का आणि मोठे दीर अण्णा. मी सांगलीची. लग्न होऊन बेंगळूरला आले तेव्हा 'जरा थांब'ला 'स्वल्प थांब' आणि 'बरं, बरं'ला 'सरी, सरी' ऐकून मला वाटे, या घरात मराठी बोलायला कुणी शिकवलंच नाही. अक्कांना वाटे, या मुलीला स्वयंपाक कुणी शिकवला नाही. दोघींचं थोडं थोडं खरं होतं, त्यामुळे आमचं जमलं.

नवरात्रात आमच्याकडे घट बसतो, इथे गोंबे बसतात. गोंबे म्हणजे बाहुल्या. ट्रंका आणि बिस्किटांचे डबे रचून त्यावर फळ्या टाकायच्या, अण्णांची धुतलेली धोतरं अंथरायची आणि पायऱ्यापायऱ्यांवर सगळं जग मांडायचं. अगदी वर रक्तचंदनाची राजाराणीची जोडी, मग दोन पायऱ्यांवर देव, मग लग्नाची वरात, आणि सगळ्यात खाली पोट सुटलेला शेट्टी आणि त्याची शेट्टम्मा, पुढ्यात डाळतांदळाचं दुकान घेऊन. राजाराणी मुलीला लग्नात आई देते, आणि दरवर्षी ती जोडी घरच्या बाईनं स्वतःच्या उजव्या हातानं वरच्या पायरीवर ठेवायची. ती बसली की मग बाकीचे गोंबे. इतकी वर्षं अक्कांचा हात सहज वर जाई, आणि त्यात काही विशेष आहे असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं.

नवे पैसे सुरू झाले त्या वर्षाची गोष्ट. आदल्या दिवाळीच्या अभ्यंगाला तेल लावताना अक्कांच्या हाताला छातीत उजवीकडे गाठ लागली होती. सणासुदीला कशाला, म्हणून त्यांनी ती संक्रांतीपर्यंत कुणाला सांगितली नाही. कॅन्टोन्मेंटकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. स्तन काढला, आणि त्याबरोबर काखेपर्यंतचं सगळं. तेव्हा असंच करत. त्या आजाराचं नाव घरात कुणी घेत नसे. विचारणाऱ्यांना आम्ही सांगायचो, न्हाणीत पाय घसरला, हाताला लागलंय. शेजारणी भेटायला आल्या की अक्का आत शाल गुंडाळून पडून राहत. उजवा हात अंगाला चिकटल्यासारखा झाला होता. त्यांची वेणी मी घालायची आणि त्या माझ्या वेणीला नावं ठेवायच्या, तेवढंच काय ते जुन्या अक्कांचं उरलं होतं.

हॉस्पिटलातल्या मल्याळी सिस्टरनं बजावलं होतं, रोज भिंतीसमोर उभं राहून बोटं मुंगीसारखी वर चढवत न्या, नाहीतर खांदा कायमचा धरेल. थोडे दिवस अक्कांनी ते केलं. कळा यायच्या, डोळ्यांत पाणी यायचं. मग एक दिवस भिंतीशी किती बोलायचं म्हणून सोडून दिलं. अण्णांनी समजावलं, मी रागावले, काही उपयोग नाही. त्याच दुपारी त्या मला शांतपणे म्हणाल्या, "राजाराणी माझ्या हातानं वर गेले तर गेले. नाही गेले तर त्यांना मैसूरला माझ्या भावाकडे पोचव. या घरात मग गोंबे नकोत." मी नुसतं हूं म्हटलं. मैसूरला पाठवायची गोष्ट बाहुल्यांची नव्हती. ही बाई स्वतःचाच संसार आवरायला निघाली होती.

शिमगा झाल्यावर फळ्यांना वाळवी लागलीय का बघायला मी त्या माळ्यावरून काढल्या. वाकल्यात का तेही बघावं म्हणून पुढच्या खोलीत डब्यांवर रचून ठेवल्या. अक्का बाजूला बसून माझ्या चुका काढत होत्या. टोपलीतली शेट्टम्मा त्यांनी धूळ पुसायला उचलली, आणि पुसून झाल्यावर आपल्याच नादात खालच्या पायरीवर ठेवली... उजव्या हातानं. मग शेट्टम्माला उचलून दुसऱ्या पायरीवर ठेवायला गेल्या, कळवळल्या, पण ठेवली. मी फळ्या उचलायला लागले तशा म्हणाल्या, राहू देत गं, उद्या बघू.

तेव्हापासून शेट्टम्मा चढायला लागली, आणि तिच्या सोबतीला राजाराणी सोडून बाकीचे गोंबेही आपापल्या पायरीवर बसले. हात जिथवर पोचेल तिथवर तिला ठेवायचं आणि कळ सोसवेल तेवढा वेळ हात तिथेच टेकवायचा. भिंतीशी बोलायचा कंटाळा येणाऱ्या अक्का शेट्टम्माशी मात्र भरपूर बोलत. उतरू नकोस, खाली उधारीवाले बसलेत, असं काहीबाही. शेट्टम्मा देवांच्या खालच्या पायरीवर पोचली तेव्हा अण्णा अस्वस्थ झाले. रामाच्या शेजारी वाणीण बसलेली त्यांना बघवेना. रामाला तरी काढून ठेवा म्हणाले. अक्का म्हणाल्या, रामाची काही तक्रार नाही, तुमचीच आहे. अण्णा पेपर घेऊन व्हरांड्यात गेले. पुष्कळ दिवसांनी अण्णांना असं उत्तर मिळालं होतं, आणि पेपरामागे ते हसत होते हे मी खिडकीतून पाहिलं.

आणि मग चैत्रात घोटाळा झाला. आमच्या समोर राजम्मा राहायच्या, शाळामास्तरांची बायको. त्यांनी खिडकीतून मांडलेले गोंबे पाहिले. आता चैत्रात गोंबे कशाला? त्यांनी विचार केला आणि उत्तर काढलं, की धाकटी सून मराठी मुलखातली आहे, तिकडे चैत्रात गौर मांडून हळदीकुंकू करतात, तेच यांनी सुरू केलं असणार. बोलवायचं राहून गेलं असेल, आपलंच घर आहे, म्हणून त्या एका संध्याकाळी गल्लीतल्या बायकांना घेऊन दारात हजर. रेशमी लुगडी, डोक्यात मोगरा. घरात पन्हं नाही, डाळ भिजवलेली नाही आणि अक्का पुढच्या खोलीतच, शाल खांद्यावरून घसरलेली, शेट्टम्मा हातात. आत पळायला वेळच मिळाला नाही.

बायका बसल्या. सगळ्यात वरची पायरी रिकामी आणि शेट्टी दुकानात एकटा, हे कसलं मांडणं ते कुणाला समजेना. राजम्मांनी हाताचं विचारलं. मी लगेच न्हाणी आणि घसरलेला पाय सांगायला तोंड उघडलं. अक्कांनी डाव्या हातानं मला थांबवलं. त्या कानडीत बोलल्या, मी मराठीत सांगते. "पडले नाही राजम्मा. गाठ होती. डॉक्टरांनी ही बाजू कापून काढली. आता हात वर जात नाही. तो वर न्यायला गोंबे मांडलेत."

माझे कान गरम झाले होते. राजम्मा उठल्या, अक्कांच्या जवळ गेल्या, कुंकवाचं बोट त्यांच्या कपाळाला लावलं आणि म्हणाल्या, "मग आम्हाला बघू द्या की, ही कुठवर जाते."

अक्कांनी शेट्टम्मा उचलली. इतक्या बायका बघत असताना माघार घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्या दिवशी ती एक पायरी जास्त चढली. मग मी धावत जाऊन मूगडाळ भिजत घातली, ती भिजेपर्यंत बायका बसल्या, आणि तिची कोसंबरी, म्हणजे आपली कोशिंबीर, खाऊन दिवेलागणीला घरी गेल्या. सांगलीकडे असं हळदीकुंकू होत असेल तर ते फार छान असतं, असं जाताना एकीनं मला सांगितलं. मी हो म्हटलं.

पुढचं सगळं सोपं झालं असं नाही. खांदा काही दिवस पुढे जाई, काही दिवस मागे. हातावर सूज येई. पण लपायचं संपलं होतं, आणि लपायचं संपल्यावर अक्का पूर्वीसारख्या सगळ्यांना बोलू लागल्या. पोलक्याची रिकामी बाजू भरायला त्यांनी मऊ कापडाची पिशवी शिवली. नुसता कापूस हलका होऊन वर सरकायचा, म्हणून वजनाला आत मूठभर रागी घातली, म्हणजे आपली नाचणी. पावसात भिजले तर मोड येतील गं, असं त्या मला भर बाजारात कानात म्हणाल्या. मी भाजी सोडून हसत बसले आणि भाजीवाल्यानं आम्हा दोघींकडे संशयानं पाहिलं.

नवरात्राच्या पहिल्या दिवशी अण्णा सकाळपासून काहीतरी निमित्त काढून त्याच खोलीत घुटमळत होते. अक्कांनी राजा घेतला. हात सरळ गेला नाही, थोडा वाकडा, बाहेरून वळसा घेऊन गेला, पण वरच्या पायरीला पोचला. मग राणी. ती जरा तिरकी बसली. मी सरळ करायला पुढे झाले तर अण्णा म्हणाले, राहू दे. त्यांचा आवाज वेगळा लागला. अक्का मात्र खाली बघून शेट्टीला विचारत होत्या, तुझी बायको परत आली, आता तरी दुकान उघडशील का?

मला वाटलं, संपलं. पण राजम्मांच्या तोंडात तीळ भिजत नसे. पुढल्या वर्षी त्यांच्या नात्यातली एक बाई आली, हात छातीशी धरून. मग त्या बाईच्या ओळखीची. अवेळी फळ्या निघत, बाई चार वाजता येई आणि अक्का तिला टोमणे मारत, रडू देत, पुन्हा टोमणे मारत हात वर करायला लावत. मी एकदा विचारलं, अक्का, यांच्यासमोर इतकं हसता कशाच्या जोरावर? त्या म्हणाल्या, "त्यांना माझा हात दिसतो ना. मग तोंडही हसरंच दिसायला हवं." त्यातल्या काही वाचल्या, काही नाही. नाही वाचल्या त्यांच्या घरी अक्का स्वतः जाऊन येत, आणि त्या दिवशी घरी कुणाशी बोलत नसत.

यंदा आमच्या घरी सण नाही. वर्षभर गोंबे काढायचे नाहीत. मी रोज चामराजपेटेला जाते, अण्णांचं जेवणखाण बघते आणि संध्याकाळी परत येते. परवा दुपारी एक बाई आली. तिशीतली असेल. हात त्या ठरलेल्या तऱ्हेनं अंगाशी धरलेला. अक्का आहेत का, तिनं विचारलं. मी भिंतीवरच्या अक्कांच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं, आणि तिला ते कळलं. माफ करा म्हणाली आणि पायरी उतरायला लागली. तेवढ्यात आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला.

अण्णा, सत्तरीचा माणूस, सुतकाचे सगळे नियम तोंडपाठ असलेला, स्टुलावर चढून माळ्यावरून फळ्या काढत होते. मी म्हटलं, अण्णा, या वर्षी... ते म्हणाले, "ती आलीय ना? मग." मी खालून फळ्या धरल्या. डबे कसे रचायचे ते मला धड आठवेना, त्यांना मात्र सगळं ठाऊक होतं. मग त्यांनी धोतर अंथरलं, टोपली त्या बाईपुढे सरकवली, आणि इतक्या वर्षांत अक्कांनी ज्या आवाजात सांगितलं असेल त्याच आवाजात तिला म्हणाले, "दुखेल. दुखलं तरी ठेव."

तिनं शेट्टम्मा खालच्या पायरीवर ठेवली. आता लोक समाचाराला येतात आणि दुखवट्याच्या घरात मांडलेल्या त्या पायऱ्यांकडे बघून गोंधळतात. अण्णा कुणाला काही सांगत नाहीत. चार वाजत आले की उठतात आणि दार उघडून ठेवतात.