काळाचौकीची बुटकी रिंग

दादर स्टेशनवर मला सोडायला अर्धी चाळ आली होती. चेन्नईची गाडी, खांद्याला नवीकोरी किटबॅग, आणि नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठमोठ्याने सांगत होते, "आमची पोर सरकारी टीमला लागली. बास्केटबॉल खेळून!" नाना म्हणजे आमचे कोच. दिवसा गोदीत कारकुनी, संध्याकाळी काळाचौकीतल्या आमच्या चाळीच्या पटांगणात शिट्टी. त्यांनी माझ्या हातात नारळ दिला, डोक्यावर हात ठेवला. आई जरा लांबच उभी होती, तिला हा तमाशा आवडत नव्हता. गाडी हलताना ती एवढंच म्हणाली, "जा गो बाय. फाटी बघू नको." मी मागे बघितलंच. सगळे हात हलवत होते. एकटी वैशू, माझी खेळातली जोडीदार, जीन्सच्या खिशात हात घालून उभी होती.

तेव्हा तिचा भयंकर राग आला होता मला.

वैशू माझ्यापेक्षा सरस होती. चाळीत हे सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी बोलायचं नाही. आदल्या वर्षी तिला पंजाबातल्या एका टीमने ट्रायलला बोलावलं होतं. गेली तशी परत आली. एक शॉट धड पडला नाही म्हणे. नानांनी निकाल देऊन टाकला, "टेन्शन घेतलं पोरीने. बाहेर गेलं की तुमची हवा जाते." सगळ्यांनी माना डोलावल्या, तिनेही डोलावली. नंतर ती परळच्या मॉलमध्ये बुटांच्या दुकानात लागली. आजही तिथेच आहे.

आमच्या कोर्टची गंमत सांगते, म्हणजे बाहेरच्यांना कळेल. दरवर्षी गणपतीचा मंडप पडायचा तो कोर्टवरच. मंडपाच्या आड येतात म्हणून रिंगचे पोल उपटून जिन्याखाली टाकायचे आणि विसर्जन झालं की परत खड्ड्यात रोवायचे. आदल्या वर्षी पोल हलत होता, म्हणून या वर्षी जरा खोल. त्यात कुणी नगरसेवक निवडून आला की पटांगणावर सिमेंटचा नवा थर. पोल खाली जातोय, जमीन वर येतेय, आणि आम्ही पोरी त्यातच वाढतोय. मी उडी मारून जाळीला हात लावायचे. गॅलरीतून टाळ्या पडायच्या.

त्या कोर्टवर आम्ही कुणाच्या बापाला हरलो नाही. आमच्या कॉलेजला स्वतःचं मैदान नव्हतं, त्यामुळे कॉलेजची टीमही तिथेच सराव करायची. बाहेर खेळायला गेलो की मात्र हरायचो. मग कधी रेफरी त्यांचा असायचा, कधी फ्लोअर घसरडा असायचा, कधी आमचं नशीब. मला चेन्नईवाल्यांनी हेरलं तेही नानांच्याच टूर्नामेंटमध्ये, आमच्याच पटांगणात. दुसरीकडे बघितलं असतं तर ढुंकून विचारलं नसतं.

चेन्नईत लाकडी फ्लोअर, डोक्यावर दिवे, जेवायला सकाळ-संध्याकाळ सांबार. नोकरी कच्ची होती. एक सीझन खेळून दाखवायचं; जमलं तर पक्की, नाहीतर घरी. आणि पहिल्याच सरावात माझा प्रत्येक शॉट रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत माझ्याच अंगावर येत होता. पोरी तमिळमध्ये काहीतरी बोलून हसायच्या. मला वाटलं, झालं, माझीपण हवा गेली.

तिथल्या कोच सेल्वी अक्का. त्यांनी दोन-तीन दिवस नुसतं बघितलं. मग तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाल्या, "हाथ ठीक है तेरा. आँख गलत है. जा, नेट को हाथ लगा." मी म्हटलं, हे तर माझं रोजचं. धावत गेले, उडी मारली, आणि बोटं हवेतच राहिली. परत मारली. परत हवेत. चांगलं वीतभर अंतर होतं. मी रिंगखाली बसले आणि ढसाढसा रडले. अक्कांना वाटलं पाय मुरगळला.

नानांना फोन लावला. "नाना, आपली रिंग बुटकी आहे."

नाना हसले. "अगं मग? गावभर सांगत सुटू नको. बाहेरच्या टीमचे शॉट कसे बोर्डवरून उडतात बघितलंस ना? उगाच जिंकतो का आपण?"

त्यांना माहीत होतं. वैशू पंजाबातून डोळे सुजवून आली, आठवडाभर घराबाहेर पडली नाही, तेव्हाही माहीत होतं. तिला टेन्शनचं सर्टिफिकेट देताना या माणसाची जीभ अडखळली नाही. त्यांना जिंकणारी टीम हवी होती, आणि टीम जिंकत होती. तिच्यातल्या पोरींचं पुढे काय होतं, हा त्यांचा विषयच नव्हता.

लहानपणापासून हातात बसलेली सवय मोडताना खांदा गेला, अर्धा सीझन बेंचवर गेला. पण मोडली एकदाची. नोकरी पक्की झाली. चाळीच्या तोंडाशी माझा बॅनर लागला, शेजारी माझ्याहून मोठा फोटो नानांचा.

पुढच्या गणपतीला मुद्दाम रजा काढून गेले. विसर्जन झालं होतं, पोल बाहेरच पडला होता. म्हटलं, नाना, आता तरी नीट उंचीवर रोवा. मंडळाची पोरं माझ्याकडे बघत राहिली. नाना म्हणाले, "तू चार दिवसांची पाहुणी. खा, पी, आराम कर." संध्याकाळपर्यंत पोल होता तेवढाच खोल रोवला गेला.

वरच्या गॅलरीत वैशूला सगळं सांगितलं. ती कठड्याला टेकली. "म्हणजे मी टेन्शनने हरले नव्हते?"

"नाही गं."

"मग हे आत्ता सांगून काय करू मी? जाऊ का परत पंजाबला?" मग खाली पटांगणाकडे बघत म्हणाली, "तू गेलीस. आम्हाला इथेच जिंकायचंय गं. तेही काढून घेतेस?"

दुसऱ्या दिवशी मी चेन्नईची गाडी पकडली.

आता मी चेन्नईच्या टीमची असिस्टंट कोच आहे. यंदाच्या ट्रायलला प्रणाली आली, आमच्याच चाळीतली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. मला बघून पळत आली, "ताई!" तिचा पहिला शॉट पुढच्या कडेवर आपटला. दुसरा तसाच. तिसराही तसाच. मी अक्कांच्या हातापाया पडले. म्हटलं, मला एक महिना द्या, मी हिचा हात बसवते, माझा बसवलात तसा. अक्का म्हणाल्या, "तू टीम में थी, तब सिखाया. अभी ऊपर से ट्रॉफी माँगते हैं. तैयार लड़की चाहिए." वाईट बाई नाही ती. पण जिंकणारी टीम बांधायची म्हटली की सगळेच नाना होतात.

चाळीत बातमी माझ्या फोनच्या आधी पोचली. आपल्याच माणसाने पोरीला कापलं, हा सूर. आईचा फोन आला. "बाय, खाली कोण बोलणा नाय माझ्याशी. तू त्या पोरीक घेतलंस कित्या नाय?" मी समजावलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "नानाक विचारतंय." माझा बॅनर उतरलाय म्हणे.

उतरू दे. मला लागलंय ते वेगळंच. त्या दिवशी प्रणाली जिमच्या पायरीवर बुटांच्या नाड्या सोडत बसली होती. मी शेजारी बसले आणि जे वैशूला वेळेवर कुणी सांगितलं नाही ते सगळं तिला सांगितलं. रिंग बुटकी आहे, नानांना ठाऊक आहे, यात तुझी काही चूक नाही. इथेच थांब, माझ्या खोलीवर राहा, मी शिकवते. पुढच्या वर्षी परत ट्रायल दे.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. डोळे पुसले. मग अगदी शांतपणे, लहान मुलाला समजवावं तसं मला म्हणाली, "नाही ताई, नाना असं करणार नाहीत. मीच टेन्शन घेतलं."

आणि ती घरी गेली. तिला अजून घर आहे.