शनिवारची सुट्टी आणि आबांची केळी

शनिवारची सुट्टी मुलांच्या हिताची असते, असं मी भर पालकसभेत ठणकावून सांगितलं, तेव्हा माझी प्रकृती अगदी उत्तम होती.

माझ्या मुलीच्या, रेवाच्या, शाळेने पाच दिवसांचा आठवडा करून पाहायचं ठरवलं होतं. पालकांची मतं मागवली. नोकरी करणाऱ्या आया म्हणाल्या, "शनिवारी पोरं ठेवायची कुठे?" दुसऱ्या बाजूचे म्हणाले, "अर्ध्या दिवसाच्या शाळेसाठी डबा, रिक्षा, इस्त्री एवढा खटाटोप कशाला?" दोघांचंही खरं होतं, म्हणून गप्प बसणं शहाणपणाचं होतं. मी उठलो! "सरकारी कार्यालयांना शनिवारी सुट्टी, मग लेकरांनीच काय घोडं मारलंय? मुलं घरच्यांत राहतील, मातीत खेळतील, शेती शिकतील!" टाळ्या पडल्या. (मी स्वतः सरकारी कार्यालयात आहे. बायको लॅबमध्ये, तिला शनिवारी काम. म्हणजे आजवर शनिवारी सकाळी घरात फक्त मी, पेपर आणि फाफडा! हे सुख मी स्वतःच्या भाषणाने घालवलं, हे घरी आल्यावर कळलं.)

पहिल्याच शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात शेजारचे किराणावाले पारसशेठ, दोन्ही हातांना एकेक जुळं पोरगं.

"भाऊसाहब, छुट्टी आपने दिलवाई, अब बच्चे भी आप ही संभालो!"

त्यांच्या मागे अख्ख्या गल्लीची पोरं रांगेत उभी होती. प्रत्येकाच्या हातात डबा. बायकोने पर्स उचलली आणि म्हणाली, "मातीत खेळवा आता." ती गेली.

माझ्या सासऱ्यांची, आबांची, सावद्याजवळ केळीची बाग आहे. मी ओळखीच्याची गाडी ठरवली आणि सगळी वरात तिकडे नेली. आबांनी पोरं पाहिली, मला पाहिलं आणि एक सुस्कारा सोडला.

"जवाईबुवा, उद्या कटाई हाये. मी गावात गाडीचं पक्कं करून येतो. तवरोक बागाकडे ध्यान ठेवा. घड खाली पडला का काळा पडते, मंग यापारी हातबी लावत नाही."

"आबा, तुम्ही निर्धास्त जा!"

आता एक सांगायला हवं. मी मूळचा धुळ्याचा. केळीशी माझा संबंध सालीपासून आतल्या बाजूला, बाहेरच्या बाजूचं मला काही कळत नाही. पण पोरांसमोर हे कोण कबूल करणार?

"काका, क्रिकेट खेळू?"

"खेळा की! बागेच्या कडेला मोकळी जागा आहे."

"पण स्टंप नाहीत."

मी नजर फिरवली. केळीच्या झाडांना जिकडेतिकडे बांबू नुसते टेकवून ठेवलेले होते. काही काम ना धाम! मी म्हटलं, "हे काय, एवढे बांबू रिकामे उभे आहेत. घ्या!"

स्टंप झाले. मग जुळ्यांपैकी एकाला बाउंड्रीला निशाणं हवी झाली. आणखी बांबू आले. मग रेवा म्हणाली, "पप्पा, प्रेक्षकांना सावली नको का?" प्रेक्षक म्हणजे मीच, त्यामुळे तो मुद्दा मला फारच पटला. चार बांबू, त्यावर आबांची ताडपत्री, खाली मी. पंच म्हणून आडवं पडूनही काम करता येतं, हा शोध मला त्या दिवशी लागला.

तेवढ्यात वारा सुटला आणि बागेतून 'कर्रर्र' असा आवाज आला.

मी उठून पाहिलं तर कडेची रांग माझ्याकडे वाकून पाहत होती! भरलेले घड, सकाळीच पाणी पिऊन मऊ झालेली जमीन, आणि आधाराचे टेकू आमच्या मैदानात. ते बांबू कशासाठी होते, हे मला एका क्षणात समजलं. मी ओरडलो, "धरा रे! एकेकाने एकेक झाड धरा!"

पोरं धावली. दोघं मिळून एक, कुणी पाठ लावून, कुणी डोकं लावून. मी मोठेपणा म्हणून दोन घेतली, एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या. अंगावरून केळीचा चीक ओघळू लागला. (तो डाग शर्टाच्या आयुष्यभर जात नाही. तो शर्ट लग्नातला होता.)

रेवा म्हणाली, "पप्पा, बांबू परत लावायचे ना!"

"आणणार कोण? जो सोडेल त्याचं झाड पडेल!"

खिशात फोन वाजला. रेवाने कोपराने झाड सावरत तो काढला आणि माझ्या कानाला लावला. बायको.

"काय चाललंय?"

"उभा आहे."

"आणि मुलं?"

"तीही उभी आहेत."

"अहो, सुट्टीच्या दिवशीही शिक्षा करताय?"

मी काही बोलणार, तोच फटफटी आली. मागे उद्याच्या कटाईसाठी बाग पाहायला आलेल्या मजुरांची गाडी. वर्षभराच्या मेहनतीची केळी, आणि ती माझ्या खांद्यावर! आबा उतरले. त्यांनी मैदान पाहिलं, ताडपत्री पाहिली, झाडांना चिकटलेली पोरं पाहिली.

"जवाईबुवा, हे काय करून राह्यले?"

आता लग्न झाल्यापासूनची सवय! सासरे समोर आले की आमचे हात आपोआप जोडले जातात आणि कंबर वाकते. मी नमस्काराला वाकलो. माझ्या दोन्ही बाजूंनी दोन घड धप्प, धप्प करून खाली आले. एक तर आबांच्या पायाशीच पडला.

मजुरांनी पटापट बांबू लावले. पोरांची सगळी झाडं शाबूत होती. एकाही पोराने आबांना नमस्कार केला नव्हता! आबांनी पाण्याची कळशी मागवली, पोरांना पाजली, जुळ्यांच्या पाठीवर हात फिरवला. निघताना गाडीशी आले तेव्हा मी चाचरत म्हटलं, "आबा, चुकलंच. पुढच्या शनिवारी नाही आणत पोरांना."

"कायले? पोरांले दर शनवारी पाठवत जा. हुशार हायेत, हाती घेतलं ते सोडत नाही."

"आणि मी?"

"तुमी शायेत जात जा."

गाडीत कुणी हसलं नाही. सगळ्यांनी खिडकीबाहेर बघितलं, त्यात रेवाही होती. सोमवारी मी शाळेत चौकशी केली. मोठ्यांना प्रवेश देत नाहीत, म्हणाले. आणि तसंही शनिवारी शाळा बंद असते, कुणी एका पालकाने फार जोरदार भाषण केलं होतं म्हणे!