मागच्या सीटवरचा भाऊ

"तुमची माणसं कुठे पुरलीत?"

टीममध्ये नवीन कोणी आलं की बाबांचा पहिला प्रश्न हाच. ते झुलू, साउथ आफ्रिकेचे. तिकडेही मोठ्यांना बाबाच म्हणतात, म्हणून मीही म्हणायचो.

मी म्हटलं, "आम्ही जाळतो, बाबा. मग श्राद्धाला जेवायला बोलावतो. कावळा येतो."

"कावळा बरा. त्याला व्हिसा लागत नाही."

मी ऑफिसात सगळ्यांच्या नकला करतो. बाबांची सगळ्यात हिट. ते स्वतः बघायचे आणि करेक्शन द्यायचे, "अजून खाली. माझा आवाज पोटातून येतो."

एकदा लंचला मी आमच्या कराडच्या उसाची फुशारकी मारत होतो. ते म्हणाले, "ऊस आमच्याकडेही आहे. आमच्या डोक्यावर." त्यांचे राजे होते, गुरं होती. इंग्रजांनी लढाई करून राज्य मोडलं, जमीन मळेवाल्यांकडे गेली. पणजोबांची कबर आता उसात. पाया पडायचं तर गेटवर विचारायचं.

"वॉचमन सोडतो?"

"माझा चुलतभाऊच आहे. तरी नाही म्हणतो."

त्यांचा धाकटा भाऊ इथेच, अमेरिकेतल्या डब्लिनजवळ हायवेवर अपघातात गेला. बॉडी विमानाने गावी गेली, पुरली. पण त्यांच्यात घरच्या माणसाने काटेरी झाडाची फांदी घेऊन, माणूस जिथे गेला त्या जागी जायचं, आत्म्याला हाक मारायची आणि बोलत बोलत घरी न्यायचं. आई दर रविवारी फोनवर विचारायची, "त्याला आणलंस का?"

कसं आणणार? त्यांचे पेपर अडकलेले. बाहेर पडलं की परत एंट्री नाही, इतक्या वर्षांचं ग्रीन कार्डचं थांबणं पाण्यात. मीही त्याच लाइनीत, त्यांच्या बराच मागे. त्यासाठी आणलेली फांदी वाळून त्यांच्या ड्रॉवरमध्येच पडलेली असायची.

एका रविवारी आईऐवजी बहिणीचा फोन आला. आई अंथरुणाला खिळलेली. बाबांनी राजीनामा दिला आणि मला म्हणाले, "एअरपोर्टला सोड. पण वाटेत माझ्याशी बोलायचं नाही. मी फक्त त्याच्याशी बोलणार."

मला गप्प बसायला सांगणं म्हणजे काय ते ओळखीच्यांना माहितीये. बसलो.

भाऊ गेला तिथे हायवेच्या कडेला गाडी थांबवली. ते गवतात उभे राहून भावाशी बोलले, मागे येऊन बसले. फांदी शेजारच्या सीटवर ठेवून तिला बेल्ट लावला. पुढे दर वळणाला त्याला सांगत होते. "आता उजवीकडे." "आता पूल." एअरपोर्टवर हातसुद्धा केला नाही. फांदी बेल्टखालून ओढून घेतली आणि तिच्याशी बोलत आत गेले.

परतताना आरशात दिसलं, मागचा बेल्ट तसाच लावलेला. मी त्यांच्या आवाजात, पोटातून म्हटलं, "आता पूल." बरोबर जमलं होतं.

"आता उजवीकडे," मागच्या रिकाम्या सीटला सांगितलं, आणि ऑफिसचं पार्किंग आलं.