श्रीखंडाचा डबा

शेजारच्या सुनंदावहिनींकडे विरजण मागायला गेले होते. तेवढ्यात त्यांची मुक्ता कॉलेजातून आली आणि म्हणाली, "आई, डोकं दुखतंय. गोळी दे ना." वहिनींनी कमरेची किल्ली काढून दागिन्यांचं कपाट उघडलं, एक गोळी घेतली आणि हातावर ठेवण्याआधी विचारलं, "कशानं दुखतंय गं?" मग मुक्ता बोलतच राहिली. मी वाटी घेऊन उभी.

घरच्या पोरीपासून गोळ्या कुलपात? पूर्वी मी हसले असते. आमच्या गोळ्या फ्रिजवर, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. आजारपण संपलं तरी उरलेली पाकिटं "असू दे, लागतील" म्हणून त्यातच जायची. ज्याला हवी त्यानं घ्यावी. "आमची केतकी आपलं आपण बघते," असं मी चारचौघींत मिरवायचे. बारावीच्या परीक्षेत ती आजोबांच्या झोपेच्या गोळ्या घेत होती, हे मला रिकाम्या पाकिटानं सांगितलं. तिनं नाही.

वहिनींच्या पाटल्या बघून माझ्या पोटात कधी दुखलं नव्हतं. त्या दिवशी मात्र दुखलं, त्या "कशानं दुखतंय गं"साठी. आणि त्या दुखण्यावर आमच्या डब्यात गोळी नव्हती.

आता मीही कपाटाला कुलूप लावलंय. किल्ली माझ्याही कमरेला आहे. आठ दिवस झाले, केतकी काही मागायला येत नाही. लेकीचं डोकं कधी दुखेल, याची वाट बघत बसलेय मी.