वर गेलेला हात

सहलीच्या पहिल्या रात्रीचं जेवण तू ठरवायचं, असं मी माझ्या आठ वर्षांच्या मुलीला, इराला, महिन्याभरापूर्वी सांगितलं होतं. नागपूरबाहेरच्या या थीम पार्कमधल्या एका हॉटेलात खेळण्यातली रेल्वे टेबलापर्यंत ताट आणते. त्या रेल्वेचं चित्र तिने फ्रिजवर चिकटवलं होतं.

आज संध्याकाळी सावनेरहून आलेले माझे मोठे भाऊ पार्कच्या दारातच म्हणाले, "पोट्टीचं काय ऐकून राहिला गा? ज्याले सावजी मटण पाहिजे, त्यानं हात वर करा."

आमच्याकडे वाद झाला की दादा असेच हात मोजतात. लहानांचे हात मोजणीत धरत नाहीत. सहलीला आलेले सगळे नातेवाईक हसले. पाच हात वर गेले. पाचवा माझा होता. दादांसमोर मी कधीच हात खाली ठेवलेला नाही.

बाहेरच्या सावजी भोजनालयातलं टेबल चिकट होतं. रश्श्यावर बोटभर लाल तेल तरंगत होतं. दादा हाडं फोडून चोखत होते आणि मी "मस्त आहे" म्हणत होतो. इराने पोळी साखरेशी खाल्ली. ती रडली नाही.

खोलीवर आल्यावर मी म्हणालो, "रेल्वेच्या हॉटेलात उद्या जेवू."

"नको," ती म्हणाली. "उद्या पहिली रात्र नसते."

ती झोपली आहे. मी तीनदा साबणाने हात धुतला, तरी मसाल्याचा वास जात नाही. मला त्या हाताची किळस येते आहे.

तुम्ही मुलांना दिलेला शब्द मोठ्यांसमोर पाळता का? खरं सांगा.